टॅक्सीतला पहिला रेडिओ

आबांच्या दुकानात सकाळचा चहा कोणी टाकायचा, हे रेडिओवर ठरायचं. कुठल्यातरी जुन्या मोटारीतून काढलेला रेडिओ टेबलावर आला की आबा आणि सूनबाई, दोघांनी हात न लावता नुसता बघायचा आणि आपापलं साल सांगून टाकायचं. मग स्क्रू काढून आत डोकवायचं. ज्याचं साल जास्त चुकलं, त्याने चहा टाकायचा. पहिली काही वर्षं सूनबाईच टाकायची. हल्ली मामला बरोबरीत आला होता, आणि आबा चहात साखर जरा जास्त घालून त्याचा सूड उगवत असत.

सूनबाई आबांची सून, हे उघडच आहे. पण आता ती अख्ख्या बाजाराची सूनबाई झाली होती. समोरचा टायरवाला तिच्याहून कितीतरी लहान, तोही तिला सूनबाईच म्हणायचा. लग्न होऊन आली तेव्हा रेडिओतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्याला त्यात रस नव्हता. तो शाळेत गणित शिकवायचा आणि घरी आल्यावर त्याला शांतता लागायची. आबा मनातून हळहळत. बापाने आयुष्यभर जमवलेली विद्या, मुलाने तिच्याकडे ढुंकूनही बघू नये! अशात एका दुपारी आबांना डबा द्यायला आलेल्या या नव्या सुनेने उघड्या रेडिओवर हात धरून विचारलं, "आबा, हा गरम का होतो?" बस. त्या प्रश्नाचं उत्तर अजून संपलं नव्हतं.

मोटारीचा रेडिओ ओळखायचा कसा, साल लावायचं कसं, हे आबांनी तिला बाराखडीसारखं शिकवलं. पट्टीवरचे आकडे बघ. आतल्या तारेवर रबर आहे की प्लास्टिक, ते बघ. काचेचे व्हॉल्व्ह आहेत की ट्रान्झिस्टर आलेत, की दोघं एकाच घरात नांदतायत, ते बघ. स्पीकरच्या कडेला शिक्का असतो, तो फडक्याने पूस आणि वाच. आणि आबांचं सगळ्यात आवडतं सूत्र असं, की आतला सगळ्यात तरुण भाग जेवढा जुना, तेवढा रेडिओ जुना. पण आधी खात्री कर, तो भाग घरचा आहे की पाहुणा. दुरुस्तीत मागाहून घातलेला भाग म्हणजे पाहुणा. पाहुण्याच्या वयावरून घराचं वय काढायचं नसतं.

आबांचे कान अलीकडे मंदावले होते. रेडिओवाल्याचे कान जावेत, ही देवाने केलेली थट्टाच. पण आबा म्हणायचे, "साल लावायला कान कशाला लागतात? रेडिओचं वय त्याच्या आवाजात नसतं, पोटात असतं."

तर एका सकाळी दुकानात दोघे म्हातारे आले. दोघांचंही नाक एकच, चालणंही एकच. फक्त एकाच्या डोक्यावर केस होते आणि दुसऱ्याच्या भुवयांवर. सख्खे भाऊ, हे सांगायची गरज नव्हती. थोरले सत्तरी कधीच ओलांडलेले, धाकटे साठीच्या आसपास. दोघांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा एकच टॅक्सी चालवलेली. ती त्यांच्या वडिलांनी कोरी घेतलेली, आणि अजून त्यांच्या शेडमध्ये उभी.

काम धाकट्यांनी सांगितलं. टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची नवी इमारत होतेय. तिच्या दालनात स्टँडवरची एक जुनी टॅक्सी मांडून ठेवायची ठरलंय आणि मान त्यांच्या गाडीला मिळालाय. अट एकच. गाडी स्टँडवर पहिल्यांदा लागली त्या साली जशी होती, अगदी तशी हवी.

"रंग झाला, गाद्या झाल्या," धाकटे म्हणाले. "रेडिओ तेवढा राहिलाय. आता आहे तो बंद पडलाय. तो चालू करून द्या, म्हणजे झालं."

"तो नव्हे," थोरले म्हणाले. "त्या गाडीतला रेडिओ वेगळा होता."

"दादा, गाडीत एकच रेडिओ होता."

"एक होता, तो गेला. मग दुसरा आला."

"बघा," धाकटे सूनबाईकडे वळून म्हणाले, "चाळीस वर्षं हेच चाललंय. बाकी आमचं काही म्हणजे काही भांडण नाही. एकाच घरात राहतो. हे वर, मी खाली. घरपट्टीवरून नाही, पाण्यावरून नाही. फक्त रेडिओ."

सूनबाईने दोघांना बसायला स्टुलं दिली. आबा टेबलाच्या पलीकडून ओठांकडे बघून बोलणं टिपत होते.

"मोठे काका, तुमच्या वेळचा रेडिओ कसा होता? जे आठवेल ते सांगा."

थोरल्यांनी डोळे मिटले. "बटण फिरवलं की लगेच लागायचा नाही. आधी आत बारीक गुणगुण व्हायची, माशी अडकल्यासारखी. मी तोवर आरसा पुसून घ्यायचो. मग पट्टीमागे दिवा उजळायचा आणि हळूहळू आवाज यायचा, लांबून कुणी चालत यावं तसा. डाव्या बटणाच्या मागे एक कडं होतं. ते फिरवलं की टिचकी वाजायची. एक टिचकी, मिडियम वेव्ह. दुसरी टिचकी, शॉर्टवेव्ह. कुठकुठली बंदरं लागायची म्हणून सांगू! त्यानेच तर माझं डोकं फिरवलं आणि मी जहाजावर गेलो."

"कुठल्या साली गेलात?"

"त्रेसष्ट."

"आणि धाकटे काका, तुमच्या आठवणीतला?"

"दाबलं की चालू. गुणगुण नाही, काही नाही. शॉर्टवेव्ह तर नव्हतीच. आणि मी काय आज नाही बघितला तो. शाळेसाठी मावशीकडे होतो, तिथून घरी आलो तेव्हा गाडीवर पगारी ड्रायव्हर होता, तेव्हापासून बघतोय. पुढे त्र्याहत्तर साली गाडी माझ्या हातात आली, तेव्हाही हाच."

सूनबाईने आबांकडे बघितलं. आबांनी दोन बोटं वर केली.

"दोन रेडिओ आहेत," ती म्हणाली. "मोठे काका सांगतात तो व्हॉल्व्हचा. बॅटरीची वीज कमी दाबाची असते, ती व्हॉल्व्हला पुरत नाही. मग आत एक डबी असते, ती थरथरून वीज चढवते. माशी म्हणता ना, ती हीच. आणि तुम्ही म्हणता तो ट्रान्झिस्टरचा. त्याला ना माशी लागते ना तापायला वेळ."

थोरल्यांचा चेहरा जरा उजळला. धाकट्यांचा मात्र पडला.

"म्हणजे मी खोटं बोलतो, असंच ना?" ते म्हणाले. "यांचं म्हणणं काय आहे माहितेय? हे जहाजावर असताना मी यांचा रेडिओ विकला. पहिल्या कमाईतून घेतलेला! मी कुणाची टाचणी विकलेली नाही हो आयुष्यात."

"मी विकलास असं कधी म्हणालो?" थोरले म्हणाले. "मी विचारलं, रेडिओ कुठेय. तू म्हणालास, कुठला रेडिओ. त्यावर माणसाने काय समजायचं?"

टायरवाला रस्त्यापलीकडून मान उंचावून बघायला लागला, तेव्हा आबांनी घसा खाकरला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या खाकरण्याला एक अधिकार असतो. दोघेही गप्प झाले.

"गाडी बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही," आबा म्हणाले. "सूनबाई, तू जाऊन ये."

दुपारी ती हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेली. शेड घराला लागूनच होती. गाडी रंगवून इतकी लखलखीत केली होती की तिला हात लावायला जीव होईना. सूनबाई पुढच्या सीटवर आडवी झाली, डोकं डॅशबोर्डखाली घातलं आणि मागचे नट सोडवायला लागली. बाहेर एका दाराशी थोरले, दुसऱ्या दाराशी धाकटे. दवाखान्यात आतल्या माणसाची वाट बघत नातेवाईक उभे राहतात, तसे.

रेडिओ हातात आला. काळा रंग दिलेले काचेचे इवले ट्रान्झिस्टर, म्हणजे अगदी सुरुवातीचे. तारा प्लास्टिकच्या. सोल्डर जिथल्या तिथे, कुणी पाहुणा आत आलेला नाही. शेवटी तिने स्पीकर काढून त्याची कड फडक्याने पुसली आणि बॅटरीच्या उजेडात शिक्का वाचला.

"चौसष्ट," तिने सांगितलं.

"म्हणजे?" दोघांनी एकदमच विचारलं.

"म्हणजे मोठे काका गेले त्रेसष्टला. त्यानंतर हा बनला. तेव्हा मोठ्या काकांनी हा इथे बघितलेला असणं शक्य नाही. आणि धाकटे काका मावशीकडून कधी परत आलात?"

"पासष्टच्या उन्हाळ्यात. दहा वर्षांचा होतो."

"मग तोवर हा बसलेला होता. दहा वर्षांच्या पोराने गाडीतला रेडिओ विकून वर नवा बसवला, असं काही मला दिसत नाही."

धाकट्यांनी गाडीच्या छतावर दोन्ही हात टेकले आणि नुसताच एक मोठा श्वास सोडला. नव्या रंगावर त्यांच्या पंजांचे ठसे उमटले. ते त्यांनी लगेच बाहीने पुसून टाकले.

"पण माझा होता तर खरा?" थोरल्यांनी हळूच विचारलं.

"या, बघा."

तिने त्यांना वाकायला लावलं. रेडिओची प्लास्टिकची चौकट निघाल्यावर मागे डॅशबोर्डची पत्र्याची पट्टी उघडी पडली होती. तिच्यावर दोन नव्हे, चार भोकं होती. आतली दोन मशीनने पाडल्यासारखी गोल. बाहेरची दोन कानशीने घासघासून केलेली, एक जरा वाकडं.

थोरल्यांनी वाकड्या भोकात बोट घातलं. "हे मी केलं," ते म्हणाले. "कानशी हातातून सटकली होती. अंगठा फाटला होता माझा."

सूनबाईने पुठ्ठ्याचा तुकडा पट्टीवर धरून बाहेरच्या भोकांच्या जागा पेन्सिलने उतरवून घेतल्या. रेडिओच्या बटणांच्या दोन दांड्या या भोकांतून बाहेर येतात, आणि त्यांच्यामधलं अंतर ही मोठी पक्की खूण असते. माणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर जसं वयाने बदलत नाही, तसं तेही बदलत नाही.

"म्हणजे ड्रायव्हरने विकला," थोरले म्हणाले. "तो तर कधीच गेला. जाऊ दे. मिटलं."

"मिटलं," धाकटे म्हणाले. पण दोघांच्याही आवाजात मिटल्याचा आनंद नव्हता. इतकी वर्षं सांभाळलेलं भांडण असं दोन नट काढून संपतं, हे कुणालाच बरं वाटत नाही.

सूनबाईचे हात काळे झाले होते. धाकट्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं. त्यांच्या बायकोने साबण दिला, टॉवेल दिला. ओट्याशेजारच्या खिडकीत एक लाकडी पेटी होती, तिच्यावर झाडाची कुंडी. पेटीला पुढून दोन बटणं आणि मधे काच.

"हा रेडिओ चालतो का हो?" सूनबाईने हात पुसता पुसता विचारलं.

"तो? सासूबाईंचा. त्या गेल्या तेव्हापासून बंद. पण वर कुंडी ठेवली की कितीही वारा येऊ दे, हलत नाही. असा जड आहे म्हणून सांगू! झाडायला उचलायचा म्हणजे दोन माणसं लागतात."

सूनबाईचा टॉवेल हातातच राहिला. घरात ठेवायच्या रेडिओत निम्मी तर हवाच असते; लाकूड, कागदाचा स्पीकर आणि हवा. त्याला दोन माणसं कशाला लागावीत?

"कुंडी खाली घेऊ का?" तिने विचारलं.

पेटी ओट्यावर आडवी केली. मागची फळी चार खिळ्यांवर होती. फळी निघाली आणि आत दुसरी पेटी दिसली. लोखंडी, काळी, चारी बाजूंनी बंद.

"हे काय?" धाकटे म्हणाले.

"धाकटे काका, मोठ्या काकांना बोलवा."

ते जिन्याच्या पहिल्या पायरीवरच उभे होते. आत आले. सूनबाईने दोघांना जवळ बोलावलं.

"घरच्या रेडिओला असं चिलखत नसतं," ती म्हणाली. "गरजच नसते. चिलखत लागतं मोटारीतल्या रेडिओला. इंजिनात सारख्या ठिणग्या उडत असतात, त्यांची खरखर आत शिरू नये म्हणून. हा मोटारीचा रेडिओ आहे. कुणीतरी त्याचं पुढचं तोंड काढून त्याला लाकडाचं घर केलंय. काम चांगलं आहे. ज्याने केलं त्याचा हात सफाईचा होता."

मग तिने पुढची दोन्ही बटणं ओढून काढली आणि खिशातला पुठ्ठा दांड्यांवर धरला. पेन्सिलच्या दोन्ही खुणा बरोब्बर दांड्यांवर बसल्या.

थोरल्यांनी पुढे होऊन डाव्या दांडीमागचं कडं चिमटीत धरलं. ते जाम झालं होतं. त्यांनी जोर लावला. टिचकी वाजली. आणखी जोर. दुसरी टिचकी.

"शॉर्टवेव्ह," ते म्हणाले आणि जवळच्या खुर्चीवर बसले.

"हा तर आईचा रेडिओ," धाकटे म्हणत होते. "मी लहानपणापासून... याला बॅटरी लागायची. काळी, जड. मीच ती हातगाडीवर घालून चार्जिंगला न्यायचो. मला वाटायचं, घरचे रेडिओ असेच असतात. ड्रायव्हर कधी कधी गाडीची जुनी बॅटरी आणून द्यायचा." ते थांबले. "म्हणजे काखेत कळसा की हो! आणि आम्ही गावाला वळसा घालतोय!"

"आई काय ऐकायची यावर?" थोरल्यांनी विचारलं.

"गाणी नाही ऐकायची. आम्हाला त्याचंच हसू यायचं. संध्याकाळी काम आटोपलं की इथे स्टूल घेऊन बसायची आणि परक्या भाषेत काहीतरी चालायचं. बाई बोलायची, बुवा बोलायचा. आईला आपली भाषा वाचता येत नव्हती, तर ती कुठून कळणार! मी म्हणायचो, आई, गाणी लाव. ती म्हणायची, थांब, संपू दे. मला वाटायचं, तिला नुसती आवाजाची सोबत हवी असेल."

सूनबाई काचेवरची धूळ पुसत होती. काचेच्या वरच्या कडेला लाकडावर पेन्सिलची एक उभी रेघ होती. आकडा नाही, अक्षर नाही. काटा त्या रेघेखालीच थांबलेला होता.

तिने दोघांना ती रेघ दाखवली. "इथे लावायच्या त्या. कुठलं केंद्र असेल, मोठे काका?"

थोरल्यांनी चष्मा वर सरकवला, खाली केला. "खलाशांसाठीचं," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी लागायचं. कुठलं जहाज कुठल्या बंदराला लागलं, कुठे वादळ आहे, कुठे धुकं. आम्हीही ऐकायचो, जहाजावर. जहाजाची नावं मात्र कुठल्याही भाषेत तीच राहतात. आमच्या जहाजाचं नाव तिला माहीत होतं. जाताना मी ते तिला पाठ करून घ्यायला लावलं होतं." जरा थांबून ते म्हणाले, "नाव आलं की तिला कळत असणार."

"आणि मिडियम वेव्हवर हे लागत नाही," सूनबाई म्हणाली. "घरासाठी साधा रेडिओ घेतला असता, तर त्यावर ते मिळालं नसतं. म्हणून गाडीतला काढला असावा. गिऱ्हाइकांना गाणी लागतात, म्हणून गाडीला नवा बसवला. हा माझा अंदाज हं. लोखंडावर एवढं लिहिलेलं नसतं."

"मग सांगितलं का नाही तिने?" धाकटे म्हणाले.

"कुणी विचारलं होतं?" थोरले म्हणाले. "मी आलो तेव्हा ती नव्हती. तू विचारायचं, तर तुला ठाऊकच नव्हतं विचारायला काही आहे."

धाकट्यांच्या बायकोने कुंडी उचलून दुसरीकडे ठेवली आणि कुणाला न विचारता चहाचं आधण ठेवलं. धाकटे ओट्याला टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू यायला लागलं होतं, दोन्ही एकदम, आवरता न आवरणारं.

"दादा, आता तरी म्हण."

"काय?"

"मी विकला नाही."

"नाही विकलास."

"एकदा आणखी म्हण. हिच्यासमोर म्हण."

"नाही विकलास रे बाबा! छतावर जाऊन ओरडू का आता?"

पेटी दुकानात आली तेव्हा आबांनी आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली. साल सांगायची वेळ आली. आबा म्हणाले सत्तावन्न, सूनबाई म्हणाली अठ्ठावन्न. चिलखत उघडल्यावर आतल्या तारांवर अजून रबर होतं, उन्हात वाळलेल्या सालीसारखं तडकलेलं. शिक्का निघाला सत्तावन्नचा. थोरल्यांनी घेतला तेव्हाच तो विकणाऱ्याच्या दुकानात काही वर्षं पडून राहिलेला असणार. आबा चहाची वाट बघत आरामात बसले.

दुरुस्तीला दिवस लागले, पण अडलं काही नाही. व्हॉल्व्ह शाबूत होते. थरथरणारी डबी तेवढी गंजून मुकी झाली होती. सूनबाईने तिच्या पात्या बारीक पॉलिश कागदाने घासल्या, कागदाचे जुने कपॅसिटर बदलले, तारा नव्याने ओढल्या. वीज जोडल्यावर आबांनी स्पीकरच्या कागदावर दोन बोटं टेकवली. त्यांना गुणगुण ऐकू येत नव्हती, पण बोटांना ती कळली. "उठली माशी," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

थोरले रोज येऊन बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मग आता हा परत गाडीत बसवायचा ना? गाडी संघटनेला द्यायची तर हाच बसवायला हवा."

सूनबाई हा प्रश्न कधी येतोय याचीच वाट बघत होती. "मोठे काका, गाडी स्टँडवर पहिल्यांदा कधी लागली?"

"छप्पन्न. बाबा होते."

"आणि तुम्ही पट्टीला भोकं कधी पाडलीत?"

"बाबा गेल्यावर. एकसष्ट असेल." मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"छप्पन्न साली त्या गाडीत रेडिओच नव्हता," सूनबाई म्हणाली. "तिथे नुसती कोरी पट्टी होती. हा तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता. संघटनेला छप्पन्नची गाडी हवी असेल, तर ना तुमचा चालेल, ना धाकट्या काकांचा."

थोरले इतके हसले की त्यांना खोकला लागला. आबांनी काय झालं म्हणून विचारलं. सूनबाईने त्यांना मोठ्याने समजावून सांगितलं, आणि रस्त्यापलीकडचा टायरवालाही हसायला लागला. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून एक बिनभोकाची पट्टी बनवून घेतली, गाडीच्याच रंगात रंगवली, आणि गाडी रेडिओशिवाय संघटनेच्या दालनात जाऊन उभी राहिली. दोघे भाऊ तिच्या दोन बाजूंना उभे राहून फोटो काढून आले.

लाकडी पेटी मात्र घरी गेली. सूनबाई स्वतः ती घेऊन गेली एका संध्याकाळी. कुंडीला आता दुसरी जागा मिळाली होती. तिने पेटी खिडकीत ठेवली, भिंतीतल्या विजेवर चालावी म्हणून बनवलेलं खोकं जोडलं, खिडकीबाहेर एक लांब तार सोडली आणि बटण फिरवलं. माशी गुणगुणली. सगळे थांबले. काचेमागे दिवा उजळला आणि आवाज चालत चालत आला, पण ती नुसती खरखर होती. खलाशांचं ते केंद्र बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. रेघेखाली आता कुणीच बोलत नव्हतं.

धाकट्यांचा चेहरा उतरला. थोरल्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि काटा केसभर सरकवला. मग आणखी केसभर. खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला, परक्या भाषेतला, भरभर बोलणारा.

"हीच!" धाकटे म्हणाले. "म्हणजे, अशीच. अशीच बोलायची ती. दादा, तुला येते ही भाषा?"

"येते थोडी. त्या किनाऱ्यावर दोन वर्षं काढलीत."

"काय म्हणतेय?"

थोरल्यांनी कान लावला. त्यांच्या भुवया वर गेल्या. "साबणाची जाहिरात आहे रे."

"असू दे. काय म्हणतेय ते सांग."

"म्हणतेय, या साबणाने कपडे धुतले की..."

"की काय?"

"की पांढरे होतात. आणि कमी पाण्यात होतात."

धाकट्यांनी ओट्याखालचं स्टूल काढलं, पेटीजवळ ठेवलं आणि त्यावर नीट बसले. त्यांची बायको पदराआड हसत होती, पण तीही उभी राहिली होती. सूनबाईने हत्यारं पिशवीत भरली. कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं, आणि तिलाही तेच बरं वाटलं. दाराबाहेर चपला घालताना तिला आतून थोरल्यांचा आवाज ऐकू येत होता. एकेक वाक्य थांबून, शब्द जुळवून, ते सांगत होते: साबण हाताला मऊ आहे, वास फुलांचा आहे, मोठी वडी घेतली तर परवडते.

"मग?" धाकटे विचारत होते. "पुढे काय म्हणाली?"